समीक्षा रद्दीत घालू नका! संपादक, समीक्षक आणि ग्रंथालय संचालनालयाला खुलं पत्र

प्रति,
वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांचे आणि मासिकांचे संपादक, मराठीत पुस्तकांवर लिहिणारे सगळे, आणि ग्रंथालय संचालनालयातले अधिकारी,

सप्रेम नमस्कार.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावात सार्वजनिक वाचनालयात काम करते. सरकारी श्रेणीत ब वर्गाचं वाचनालय आहे. देवघेव सांभाळते, दाखल नोंदवही लिहिते, पावसाळ्याआधी कपाटं उघडून वाळवी बघते, वर्गणी थकलेल्या सभासदांना फोन करते, अशी सगळी कामं. हे पत्र तुम्हाला सगळ्यांना मिळून लिहितेय कारण मला जे बोलायचंय ते कुणा एकाच्या टेबलावर बसत नाही आणि त्यामुळेच ते कुणीच बघत नाही असं मला दिसतंय.

विषय आहे पुस्तकांवर लिहिलं गेलेल्या मजकुराचा. परीक्षणं, समीक्षा, वाद, त्यावरची पत्रं, उत्तरं-प्रत्युत्तरं. पुस्तकं आपण जपतो, निदान जपायला हवीत हे सगळ्यांना मान्य तरी आहे. पण त्या पुस्तकाबद्दल त्या वेळी लोक काय म्हणाले, कुणी डोक्यावर घेतलं, कुणी झोडपलं, कुणी बघितलंच नाही, हे आपण जपत नाही. आणि माझं म्हणणं असं की वारसा म्हणून त्याची किंमत पुस्तकाएवढीच आहे, काही वेळा जास्तच.

हे हरवतं कसं ते आधी सांगते, कारण बाहेरच्यांना ते माहीत नसतं. वाचनालयात पुस्तक आलं की त्याला दाखलांक मिळतो. नोंदवहीत त्याची एक ओळ होते, तारीख, लेखक, प्रकाशक, पानं, किंमत, बिल नंबर. एकदा दाखलांक पडला की ते पुस्तक संस्थेची मालमत्ता झालं, उद्या ते फाटलं आणि काढून टाकायचं म्हटलं तरी निर्लेखनाची यादी करायची, कार्यकारिणीचा ठराव घ्यायचा, तपासणीला कुणी आलं की ते दाखवायचं. मासिकाचं तसं काहीच नाही. मासिक येतं, टेबलावर पडतं, महिनाभर लोक चाळतात, कोपरे दुमडतात, शब्दकोडं सोडवतात, मग ते माळ्यावर जातं आणि वर्ष-दोन वर्षांनी गठ्ठा बांधून रद्दीवाल्याला दिलं जातं. त्याला दाखलांक नाही म्हणून त्याचा हिशोब विचारायला कुणी येत नाही, रद्दीचे पैसे जमेच्या बाजूला दाखवले की विषय संपला. वर्षाचे अंक एकत्र बाइंड करून घेतले तर त्याला दाखलांक देता येतो, पण बाइंडिंगला पैसे लागतात आणि जागा लागते, आणि अनुदानातून पगार, भाडं, लाइट बिल आणि पुस्तक खरेदी झाली की बाइंडिंगसाठी उरतं काय हे माझ्यासारख्या कुणालाही विचारा.

आता बघा, मराठी समीक्षा राहते कुठे? मासिकात, त्रैमासिकात, रविवारच्या पुरवणीत. पुस्तकरूपाने समीक्षा येते ती प्राध्यापक मंडळींची, निवडक, आणि ती पण दहा-पंधरा वर्षांनी. बाकी सगळी, म्हणजे रोजची, ताजी, भांडणारी समीक्षा ही अशा कागदावर राहते ज्याला आमच्या नोंदवहीत ओळ नाही. म्हणजे आपली व्यवस्थाच अशी आहे की पुस्तक राहील आणि पुस्तकावरची चर्चा जाईल. कुणी मुद्दाम केलं नाही हे. पण गेली दीडशे वर्षं थोड्याफार फरकाने हेच चाललंय.

दीडशे वर्षं म्हणते कारण मराठीत पुस्तकांबद्दल छापून बोलायची सवय तेवढी जुनी आहे. विविधज्ञानविस्तार 1867 ला निघालं आणि 1937 पर्यंत चाललं, सत्तर वर्षं! नवीन पुस्तक आलं की त्याचा समाचार घ्यायचा ही गोष्ट आपल्याकडे अशा मासिकांनी रुजवली. 1874 ते 1881 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमाला या मासिकाचे 84 अंक काढले, बहुतेक एकहाती. त्यात त्यांनी जोतीराव फुल्यांच्या लिखाणाची जी टवाळी केली, भाषा अशुद्ध आहे, व्याकरण नाही वगैरे, ती आज वाचताना त्रास होतो. पण ती जपली गेली हे फार बरं झालं असं मला मनापासून वाटतं. कारण त्या काळातला एवढा वाचलेला, एवढी ताकदवान भाषा लिहिणारा माणूस एका मोठ्या लेखकाला कसा ओळखू शकला नाही, व्याकरण बघत बसला आणि आतलं दुखणं त्याला दिसलंच नाही, हे आपल्याला निबंधमालेचे अंक शाबूत आहेत म्हणून कळतं. नुसतं फुल्यांचं पुस्तक जपलं असतं तर पुस्तक कळलं असतं, त्या पुस्तकाला कुणाकुणाशी झगडावं लागलं ते कळलं नसतं.

याच्या उलट बाजूचं उदाहरण ताराबाई शिंद्यांचं. बुलढाण्याच्या ताराबाईंनी 1882 मध्ये स्त्रीपुरुष तुलना लिहिलं. पुढे ते जवळपास विसरलं गेलं, 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं. मधे नव्वदेक वर्षं गेली, दोन-तीन पिढ्यांच्या बायका ते न वाचताच गेल्या, माझी आजी त्यातलीच. पण ते पहिल्यांदा आलं त्या काळात त्याची बाजू घेणारा एक माणूस होता, तो म्हणजे जोतीराव फुले. 1885 च्या सत्सार या आपल्या पुस्तिकेत त्यांनी ताराबाईंच्या पुस्तकाचा कैवार घेतला. तो मजकूर म्हणजे माझ्या दृष्टीने मराठीतलं एक फार मोठं परीक्षण आहे, त्याला परीक्षण म्हणत नसतील कुणी तरीसुद्धा. त्यावरून कळतं की ताराबाई एकट्या नव्हत्या, वाचणाऱ्याने वाचलं होतं, आणि वाचून गप्प बसला नव्हता.

आणि त्याच वर्षी, 1885 लाच, न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रंथकारांच्या सभेचं, म्हणजे आजच्या साहित्य संमेलनाच्या पूर्वजाचं, बोलावणं धाडलं तेव्हा फुल्यांनी पत्र लिहून नकार कळवला. तुमच्या सभांचा आणि पुस्तकांचा आमच्या सभांशी आणि पुस्तकांशी मेळ बसत नाही असं स्पष्ट सांगितलं त्यात. साहित्य संमेलन जवळ आलं की दरवर्षी कुणी ना कुणी त्या पत्राची आठवण काढतं. ते टिकलं कसं? ज्ञानोदयमध्ये छापलं गेलं म्हणून. ज्ञानोदय हे अहमदनगरच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी 1842 मध्ये सुरू केलेलं नियतकालिक. 1855 मध्ये मुक्ता साळवे या शाळकरी मुलीने मांग-महारांच्या दुःखाबद्दल लिहिलेला निबंध पण ज्ञानोदयमध्येच आला. विचार करा, त्या वेळी कुणी ज्ञानोदयचे अंक मासिक काय करायचंय ठेवून म्हणत रद्दीत घातले असते, आणि घातलेच असतील बऱ्याच जणांनी, पण ज्या एक-दोन ठिकाणी ते राहिले तिथून आपल्याला मुक्ता साळवे मिळाली. माळ्यावरचा गठ्ठा खाली उतरवताना मला प्रत्येक वेळी हे आठवतं.

पुढचं तर जास्त जवळचं आहे. बडोद्याहून निघणारं अभिरुची, मुंबईचं सत्यकथा, वसंत दावतरांनी 1962 मध्ये खास समीक्षेसाठी काढलेलं आलोचना, 1964 चं ललित, अशी ही मासिकं. सत्यकथा 1982 ला बंद पडलं. ते चालू असताना त्यावर किती लोकांचा राग होता, साठच्या दशकाच्या शेवटी राजा ढाले आणि लघुअनियतकालिकवाल्या, म्हणजे आपली छोटी, जमेल तेव्हा निघणारी मासिकं काढणाऱ्या पोरांनी सत्यकथेचा अंक जाळला, तुमच्या कसोट्या आम्हाला लागू नाहीत म्हणाले. त्याच काळात औरंगाबादहून गंगाधर पानतावण्यांनी अस्मितादर्श सुरू केलं. दलित लेखनाला मोजायला जुनी मापं कमी पडत होती, म्हणून त्यांनी लेखनाबरोबर मापं पण नवीन घडवायला घेतली. हा सगळा झगडा पुस्तकांत अर्धाच सापडतो. उरलेला अर्धा अंकांमध्ये आहे, संपादकीयात आहे, वाचकांच्या पत्रात आहे. सायक्लोस्टाइल केलेल्या लघुअनियतकालिकांचे अंक तर किती जणांकडे उरले असतील देवाला ठाऊक, तो कागद तसाही टिकाऊ नव्हता आणि काढणाऱ्या पोरांकडे पैसेही नव्हते.

आमच्या वाचनालयात माझ्या बऱ्याच आधी एक ग्रंथपाल होऊन गेले. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण त्यांचं अक्षर रोज बघते. ते एक करायचे, पेपरात एखाद्या पुस्तकाचं परीक्षण आलं की कापून त्या पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवायचे, खाली पेपरचं नाव आणि तारीख लिहायचे. काही पुस्तकांत दोन कात्रणं आहेत. एका कादंबरीत तर एक कात्रण पुस्तकाला डोक्यावर घेणारं आणि त्याच्याच शेजारी दुसरं पार सोलून काढणारं. सभासद पुस्तक घेताना मागचं पान उघडून उभ्या उभ्या ती दोन्ही वाचतात. एक काका ते पुस्तक परत करायला आले तेव्हा म्हणाले, दुसऱ्याचं पटलं हो मला, पण पहिल्याने सांगितलं नसतं तर मी शेवटपर्यंत गेलोच नसतो. मला वाटतं समीक्षेचं काम म्हणजे नेमकं हे आहे, आणि ते आमच्या काउंटरवर पन्नास वर्षांनंतर पण चालू होतं, एका कात्रणामुळे.

एक तांत्रिक गोष्ट सांगते म्हणजे कुणी हे करायला गेलं तर पुस्तकाचं नुकसान नको. वर्तमानपत्राचा कागद आम्लधर्मी असतो, तो पिवळा पडतो आणि शेजारच्या पानाला पण डाग देतो. आमच्या त्या पुस्तकांत कात्रणाच्या आकाराचे तपकिरी चौकोन समोरच्या पानावर उमटलेत. म्हणून आता मी नवीन कात्रणं चिकटवत नाही, पाकिटात ठेवते आणि पाकिटावर दाखलांक घालते. साधं खाकी पाकीट नको, चांगल्या पांढऱ्या कागदाचं करून घ्यायचं. आणि डिंक तर अजिबात नको, डिंकाला कसर लागते.

पण गेल्या काही वर्षांत पाकिटात घालायला फारसं येतच नाहीये हे खरं दुखणं आहे. संपादकांनो, हे तुमच्यासाठी. पुरवण्यांमधली पुस्तकांची जागा कमी होत गेली हे मला कळतं, जाहिराती, कागदाचे भाव, सगळं कळतं. साभार पोच म्हणून पुस्तकांची नावं छापता, त्याचाही आम्हाला उपयोग होतो, निदान पुस्तक आलंय एवढं कळतं. पण जे परीक्षण म्हणून छापलं जातं त्यात बरंचसं प्रकाशन समारंभातलं भाषण असतं, किंवा मागच्या कव्हरवरचा मजकूरच थोडा फिरवून आलेला असतो. लेखकाचा मित्र लिहितो, पुढच्या महिन्यात लेखक मित्राच्या पुस्तकावर लिहितो. वाचून संपलं तरी मला कळत नाही की हे पुस्तक माझ्या कुठल्या सभासदाच्या हातात द्यायचं. वाचकाने हे पुस्तक जरूर वाचावे, संग्रही ठेवावे, अशा वाक्याने शेवट. संग्रही तर आम्हीच ठेवणार आहोत, आम्हाला सांगा ना का ठेवायचं!

आमची पुस्तक खरेदी कशी होते ते तुम्हाला माहीत असेल नसेल. मार्च जवळ आला की अनुदानाचा हप्ता येतो, ठरावीक रकमेची पुस्तकं घ्यायचीच असतात, विक्रेत्यांच्या याद्या येतात, कोण किती टक्के सूट देतो ते बघितलं जातं आणि काही पुस्तकं अशी असतात की त्यांची छापील किंमतच सूट देता यावी म्हणून वाढवलेली असते. पानं जाड, टाइप मोठा, बांधणी लायब्ररी बाइंडिंग, आत काही नाही. शासनमान्य ग्रंथांची यादी असते, तिचा आधार असतो, पण यादीत नाव असतं, मत नसतं. अशा वेळी माझ्यासारखीच्या हातात एखादं खरं परीक्षण असलं तर मी कार्यकारिणीच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगू शकते की हे नको, ते घ्या, हे बघा इथे लिहिलंय. परीक्षण नसलं की सूट जिंकते. तुमची चारशे शब्दांची प्रामाणिक जागा म्हणजे गावोगावच्या कपाटात पुढची तीस वर्षं काय उभं राहणार याचा निर्णय आहे.

आणि परीक्षण म्हणजे फक्त नव्या कादंबरीचं नको. एक मोठं क्षेत्र पूर्ण मोकळं पडलंय ते पुनर्मुद्रणांचं. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर 60 वर्षांनी कॉपीराइट संपतो. साने गुरुजी 1950 ला गेले, म्हणजे 2011 पासून त्यांची पुस्तकं कुणीही छापू शकतं, आणि छापतातही. स्वस्त झाली, गावात पोचली, ही फार चांगली गोष्ट आहे. पण कॉपीराइट संपलेल्या लेखकांच्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून बघा एकदा. एकात मूळ प्रस्तावना गाळलेली, एकात शुद्धलेखनाचे एवढे गोंधळ की वाक्य लागत नाही, एकात मधली दोन पानं नाहीत, पहिली आवृत्ती कधीची, कुठल्या प्रतीवरून हे छापलंय याचा उल्लेख नाही. पोरं हीच प्रत वाचतात आणि लेखक असाच आहे समजतात. या आवृत्त्यांची तुलना करणारं परीक्षण पुरवण्यांमध्ये मला तरी बघायला मिळालेलं नाही. आपल्याकडे ही परंपरा नाही असं तर कुणी म्हणूच नये. एकनाथ महाराजांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 ला, ज्ञानेश्वरीच्या प्रती बघून पाठ शुद्ध केला, आणि वर इशारा दिला, ज्ञानेश्वरीपाठीं जो ओंवी करील मऱ्हाटी, तेणें अमृताचे ताटीं जाण नरोटी ठेविली, म्हणजे यात कुणी आपली ओवी घुसडली तर अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं होईल. सव्वाचारशे वर्षांपेक्षा जास्त झाली या गोष्टीला. मजकुराची एवढी काळजी ज्या भाषेत घेतली गेली तिच्यात आज कुठलीही प्रत कशीही छापली तरी कुणी बोलत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

बालसाहित्यावर तर कुणी लिहितच नाही. आमच्याकडे सुट्टीत सगळ्यात जास्त गर्दी मुलांची. पालक विचारतात आठवीतल्या मुलीला काय देऊ, आणि मला माझ्याच वाचनावर सांगावं लागतं, ते मी आनंदाने सांगते पण मी एकटी किती वाचणार.

आता फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपचं. मी त्याला नावं ठेवत नाही, उलट आज पुस्तकांबद्दल सगळ्यात मोकळं लिहिलं जातंय ते तिथेच. जळगावच्या एखाद्या शिक्षिकेने, न्यू जर्सीत राहणाऱ्या एखाद्या मराठी माणसाने रात्री जागून लिहिलेली पोस्ट कधी कधी पुरवणीतल्या लेखापेक्षा सरस असते, त्यात ओळखीपाळखीचा दबाव कमी असतो. पण ती पोस्ट चार दिवसांनी शोधा, सापडत नाही. अकाउंट बंद झालं की गेली. रद्दीवाला तरी वर्षाने यायचा, इथे तेवढी पण मुदत नाही. असं लिहिणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, एक प्रत काढा, तारीख घाला, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, आवृत्ती, किती पानं ते लिहा, आणि तुमच्या जवळच्या वाचनालयात नेऊन द्या. घ्यायला कुणी नाही म्हणणार नाही. म्हटलंच तर आम्हाला पाठवा.

एक गोष्ट जरा जपून लिहिते, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. 5 जानेवारी 2004 ला पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. राग एका पुस्तकावर होता आणि मोडतोड झाली ती ग्रंथालयाची, पोथ्यांची, जुन्या पुस्तकांची. त्या बातम्यांमधले जमिनीवर पसरलेल्या कागदांचे फोटो ग्रंथालयात काम करणारा कुणीच विसरू शकत नाही. पुस्तक चुकीचं वाटलं, अपमानकारक वाटलं, तर त्याचं म्हणणं पानापानावर जाऊन खोडून काढायला समीक्षा असते. तिखट असू दे, कितीही कडक असू दे. जिथे ही सवय मोडते तिथे रागाला दुसरी वाट उरत नाही. म्हणून समीक्षेची जागा कमी होणं ही मला फक्त साहित्यिकांची अडचण वाटत नाही.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आमच्याकडे पण पेढे वाटले, फळ्यावर रंगीत खडूने लिहिलं. आता त्या निमित्ताने ग्रंथ, शिलालेख, ताम्रपट, हस्तलिखितं यांवर काम होईल, व्हायलाच हवं. पण संचालनालयातल्या साहेबांना माझं सांगणं आहे की त्या कामात नियतकालिकांना आणि त्यातल्या समीक्षेला स्वतंत्र जागा द्या, नाहीतर ती पुन्हा मधल्या मधे पडेल. पायाभूत काम झालेलं आहे. शंकर गणेश दात्यांनी 1800 ते 1937 पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची केली, पुढे दाते सूची मंडळाने 1950 पर्यंतच्या नियतकालिकांवर काम केलं. कॉम्प्युटर नव्हता, स्कॅनर नव्हता, चिठ्ठ्यांवर केलं सगळं. आज आपल्या हातात मोबाइल आहे आणि 1950 च्या पुढच्या, मराठी समीक्षेच्या सगळ्यात गजबजलेल्या काळात कुठल्या पुस्तकावर कुणी कुठे काय लिहिलं, हे एका जागी शोधायची सोय नाही. पीएचडीची मुलं आमच्याकडे येऊन गठ्ठे उपसतात आणि अर्धे अंक नाहीत म्हणून हात हलवत परत जातात.

स्कॅनिंग होतंय ते पण चांगलं आहे. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मिळ ग्रंथ ऑनलाइन ठेवलेत, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं ग्रंथसंजीवनी आहे. पण स्कॅन झालेल्या अंकात आत काय आहे त्याची सूची नसेल तर तो अंक बंद कपाटासारखाच. एका पीडीएफमध्ये सव्वाशे पानं, त्यात पान 97 वर एक पुस्तकपरीक्षण, ते कुणाला सापडणार? आणि सगळे अंक एका ठिकाणी नाहीतच. रत्नागिरीचं वाचनालय 1828 चं, नाशिकचं 1840 चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848 चं, कोल्हापूरचं 1850 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं, मुंबईचं 1898 चं. ही वाचनालयं जुनी मासिकं निघत होती तेव्हा उघडी होती, कदाचित वर्गणीदारही असतील. एकाकडे मार्चचा अंक असेल, दुसऱ्याकडे एप्रिलचा. आधी नुसती एकत्रित यादी तरी करा, कुणाकडे कुठल्या मासिकाचे कुठले अंक आहेत याची, लहान वाचनालयांसकट. आमच्यासारख्यांना एक साधा फॉर्म पाठवा, आम्ही भरून देऊ, त्याला वेगळं अनुदान पण नको. तेवढं होईपर्यंत एकच आदेश काढा, की पाच-दहा वर्षांपेक्षा जुने वाङ्मयीन नियतकालिकांचे अंक जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय कुणी रद्दीत विकायचे नाहीत. आणि बाइंडिंगवरचा खर्च ग्रंथ खरेदीत धरायला परवानगी द्या. एवढ्याने खूप फरक पडेल.

घाई यासाठी करतेय की पाणी आणि वाळवी आदेशाची वाट बघत नाहीत. 2019 च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं पाण्यात गेली. आमच्या भागातली माणसं ते विसरलेली नाहीत. पुस्तकाची दुसरी प्रत कुठेतरी मिळते. चाळीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या लहान गावातून निघालेल्या त्रैमासिकाची दुसरी प्रत शोधून दाखवा.

समीक्षक मंडळींना शेवटचं. तुम्ही लिहिताना समोर लेखक असतो, संपादक असतो, ओळखीचे असतात, ते मला समजतं. आमचा वाचक पण समोर ठेवा एकदा. तो कॉलेजात साहित्य शिकलेला नसतो, पण तो वाचतो आणि त्याला मत असतं. आमच्या पुस्तकांच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं असतं, शेवट पटला नाही, किंवा आमच्या गावात असंच घडलं, किंवा नुसतं, फार रडले. नियमाप्रमाणे मी ते खोडायला हवं. मी सुवाच्य आणि सभ्य असेल तर खोडत नाही. तुमचं परीक्षण आणि त्या बाईचं फार रडले हे दोन्ही मिळून त्या पुस्तकाचा इतिहास होतो, आणि उद्या कुणी विचारलं की मराठी माणसं या काळात काय वाचत होती आणि वाचून त्यांना काय वाटत होतं, तर आमच्याकडे देण्यासारखं हेच असणार आहे. म्हणून आवडलं नाही तर आवडलं नाही लिहा, का ते पण लिहा, पान नंबरासकट. चुकलात तरी चालेल, चिपळूणकर पण चुकले होते.

आमच्याकडे ललितचे आणि थोडे सत्यकथेचे बांधीव अंक आहेत, अस्मितादर्शचे काही सुटे आहेत, शिवाय तीन-चार स्थानिक त्रैमासिकं आहेत ज्यांची नावं बाहेर कुणाला माहीत नसतील. कुणाला सूची करायची असेल किंवा फोटो काढायचे असतील तर या. वाचनालय सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी चार ते सात उघडं असतं, सोमवारी बंद. सभासद असण्याची अट नाही. संदर्भ विभागात टेबल खिडकीपाशी आहे, उजेड चांगला असतो, सकाळीच आलात तर बरं पडेल.

आपली,
तालुका वाचनालयातली एक ग्रंथालय कर्मचारी